संहितेवाचूनचे नियमन : दशावतारी प्रयोग आणि सूत्रधाराची सत्ता

मराठी रंगभूमीचा इतिहास हा बहुतांशी नाट्यसंहितांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. ते एका अर्थी अपरिहार्य होते. इतिहासकाराला कागद लागतो, आणि ज्या प्रयोगाने मागे कागद ठेवला नाही त्याचा विचार प्रस्तावनेत उरकून पुढे जाणे सोयीचे असते. श्री. ना. बनहट्टी यांनी 'मराठी रंगभूमीचा इतिहास' (१९५७) या ग्रंथात विष्णुदास भाव्यांच्या कालखंडाला विस्तृत जागा दिली हे खरे. तथापि १८४३ च्या 'सीतास्वयंवरा'कडून १८८० च्या 'शाकुंतला'कडे जाणारी वाट ही अनघडपणाकडून घडीवपणाकडे जाणारी वाट होय, ही समजूत आपल्या नाट्यविचारात इतकी मुरलेली आहे की तिच्याखाली एक साधा प्रश्न दडपून गेला. भाषणे लिहिलेलीच नसतील, तर आठ-दहा नटांना एका कथेत बांधून कोण ठेवतो? एखादा नट टाळ्यांच्या मोहाने बहकला तर त्याला आवरतो कोण, आणि प्रसंग संपला हे ठरवतो कोण?

हा प्रश्न नाट्यशास्त्राबाहेरच्या एका उदाहरणाने अधिक टोकदार होतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला, आणि टेबलाभोवती बसून खेळण्याच्या रोल-प्लेइंग खेळांची परंपरा सुरू झाली. यात प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो व त्या पात्राच्या तोंडून बोलतो. एकजण मात्र कोणतेही एक पात्र न घेता भोवतालचे जग, इतर सर्व पात्रे आणि घटनांचा निवाडा आपल्याकडे ठेवतो. त्याला गेम मास्टर म्हणतात. या भूमिकेचे मूळ लष्करी आहे. प्रशियन सेनाधिकारी रायस्विट्झ याने १८२४ साली सिद्ध केलेल्या युद्धखेळात दोन पक्षांमध्ये एक पंच असे व तो नियमांची कोष्टके पाहून निकाल देई. १८७६ साली फेर्दी द्यु व्हेर्न्वा याने कोष्टके बाजूला सारून पंचाच्या अनुभवसिद्ध निर्णयालाच प्रमाण मानण्याचा पुरस्कार केला. गेम मास्टर हा या दुसऱ्या प्रकारच्या पंचाचा वारस. फरक इतकाच की त्याला निवाडा करता करता कथाही चालवावी लागते.

या खेळांविषयीच्या मार्गदर्शनपर लेखनात दोन चिंता पुन:पुन्हा येतात. पहिली खेळाडूंच्या वर्तनाची : एकजण सर्व वेळ स्वत:कडे ओढतो, दुसरा गप्प बसतो, तिसरा कथेची चेष्टा करतो. दुसरी गतीची : कोणता प्रसंग ताणावा, कोणता एका वाक्यात संपवावा. गायगॅक्सने १९७९ साली गेम मास्टरसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेत पहिल्या चिंतेवर जे उपाय सुचवले आहेत ते आज गमतीचे वाटतात. उपद्रवी खेळाडूला बाहेर काढण्याच्या अलीकडची शिक्षा म्हणून त्याच्या पात्रावर आकाशातून निळी वीज पाडावी, किंवा त्याच्या पात्राचा प्रभावगुण कायमचा कमी करावा, असे तेथे सांगितले आहे. गुन्हा माणसाचा आणि दंड पात्राला, अशी ही व्यवस्था. पुढच्या पिढ्यांनी ती सोडून दिली आणि आधी बोलून घेणे, मर्यादा ठरवून घेणे, अशा मार्गांकडे त्या वळल्या. २०१३ साली जॉन स्टाव्रोपोलोस याने मांडलेली 'एक्स कार्ड'ची पद्धत याच वळणाची आहे : टेबलावर ठेवलेल्या कार्डाला कोणीही स्पर्श केला की चालू विषय, कारण न विचारता, टाळायचा. पण उपाय शिक्षेचा असो की संमतीचा, नियमनाची जागा बव्हंशी कथेच्या बाहेर राहते. खेळ थांबवून, खेळाडूला खेळाडू म्हणून संबोधून, मग पुन्हा कथेत शिरायचे. कथेच्या आतूनच कथा आवरण्याची जुनी, व्यावसायिक आणि आजही चालू असलेली व्यवस्था पाहावयाची असेल तर दक्षिण कोकणातील दशावताराकडे वळावे लागते.

जामसंडे हे देवगडला लागून असलेले गाव. आता दोहोंची मिळून एकच नगरपंचायत आहे. दशावताराच्या भूगोलात या भागाची जागा लक्षणीय आहे. नामांकित मंडळांच्या नावांतून जी गावे दिसतात ती, म्हणजे वालावल, नेरूर, मोचेमाड इत्यादी, कुडाळ-वेंगुर्ल्याच्या बाजूची, जिल्ह्याच्या दक्षिण अंगाची आहेत. देवगड तालुका उत्तरेला. त्यापुढे राजापूर-रत्नागिरीच्या मुलखात नमन-खेळ्यांचा प्रभाव वाढत जातो. म्हणजे जामसंड्याच्या परिसरात दशावतारी मंडळ येते ते बरेचदा पाहुणे म्हणून, आपल्या घरच्या प्रेक्षकापासून दूर. प्रेक्षकाची नाडी येथे नव्याने ओळखावी लागते आणि संहिता तर हाताशी नसतेच. नियमनाचा प्रश्न अशा ठिकाणी जास्त उघडा पडतो.

प्रयोगाचे बाह्यरूप सुपरिचित आहे. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतात. देवीची वा देवाची पालखी फिरून झाली की देवळासमोर रात्री उशिरा खेळ उभा राहतो. साहित्य सारे पेटाऱ्यातून येते, आणि त्या पेटाऱ्याची पूजा होते. रंगमंचावर वस्तू म्हणावी अशी एकच, लाकडी बाकडे; तेच सिंहासन, तेच शय्या, तेच कैलास. बाजूला पायपेटी, मृदंग, झांज. स्त्रीपात्रे पुरुषच करतात. पूर्वरंगाला आडदशावतार म्हणतात : गणपती, ऋद्धि-सिद्धी, मोरावरची सरस्वती, ब्रह्मदेव, वेद पळवणारा संकासूर व त्याचा वध करणारा विष्णू. उत्तरार्धात पुराणातले किंवा महाभारत-रामायणातले एखादे आख्यान, आणि पहाटे दहीकाला. या शेवटच्या विधीवरून खेळालाच 'धयकालो' हे नाव पडले आहे.

त्या रात्रीचे आख्यान कोणते, हे नटाला अनेकदा रंगायला बसल्यावर कळते. मंडळाचा मालक, किंवा मालकच नट असेल तर तो स्वत: तोंड रंगवता रंगवता, कथेचे टप्पे सांगतो : कोणाचा प्रवेश कोणानंतर, कोणत्या वराची किंवा शापाची गाठ कोठे पडते, युद्ध कोणाचे व कोण पडतो. भाषणे तो सांगत नाही. ती ज्याची त्याने उभ्या उभ्या करावयाची असतात, आणि तीही पौराणिक प्रौढ मराठीत. अर्धशिक्षित म्हणून ज्याची गणना व्हावी असा नट येथे संस्कृतप्रचुर समासांत तासभर वाद घालतो, याचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्या कौतुकात एक गोष्ट निसटते : इतक्या मोकळ्या नटांना आवरण्याची यंत्रणाही तितकीच विकसित असली पाहिजे.

या यंत्रणेचा पहिला भाग भूमिकावाटपात आहे. राजपार्टी, स्त्रीपार्टी, राक्षसाचा पार्ट, नारद, विनोदी पार्ट असे साचे ठरलेले असतात आणि नट सहसा आपल्या साच्यात वाढतो. साचा म्हणजे बंधन, अशी आधुनिक समजूत आहे. येथे साचा हा नटाने नटाशी केलेला न बोललेला करार असतो. समोरचा राजपार्टी किती वेळ बोलेल, कोठे थांबेल, चिडला तर किती चिडेल, याचा अंदाज स्त्रीपार्टीला आधीच असतो. ज्याला वाद घालण्याची हौस आहे त्याला दुर्योधन द्यावा, भीष्म देऊ नये : मालकाचा हा निर्णय वर्तननियमनाचाच निर्णय आहे, आणि तो पडदा उघडण्यापूर्वी झालेला असतो. गेम मास्टरला ही सोय नाही. तेथे पात्र खेळाडू निवडतो.

दुसरा भाग संकासुराचा, आणि तो अधिक विचार करण्याजोगा आहे. संकासूर हा दशावतारातला परवानाधारक बेशिस्त नट. काळ्या वेशातले हे पात्र मालवणीत बोलते, नाइकाच्या म्हणजे सूत्रधाराच्या प्रश्नांना तिरपी उत्तरे देते, गावातल्या चालू गोष्टींवर घसरते, वेदांच्या गांभीर्याची यथास्थित खिल्ली उडवते. त्याचा संवाद किती लांबेल याचा नेम नाही. तथापि त्याची जागा कोठे आहे हे पाहिले पाहिजे. तो आख्यानात नाही. आख्यानाच्या आधी आहे. प्रेक्षक अजून जमत असतो, मुले जागी असतात, हसण्याची भूक ताजी असते. म्हणून हा भाग लवचिक. गर्दी उशिरा जमली तर ताणता येतो, वेळ कमी असेल तर आखडता येतो. आणि त्याचा शेवट निश्चित आहे : विष्णू येतो, संकासूर पडतो. उच्छृंखलतेला आधी जागा देऊन, तिला विधीच्या चौकटीत संपवून, मग गंभीर कथेला हात घालावयाचा, ही रचना नुसत्या धार्मिक संकेतातून समजत नाही. तीत प्रयोगाचे शहाणपण आहे. संकासुराशी बोलणारा नाईक त्याला गप्प करीत नाही, प्रश्न विचारतो. प्रश्न हेच त्याचे नियंत्रण असते, कारण पुढचा प्रश्न कोणता हे तोच ठरवतो.

आख्यान सुरू झाल्यावर नियमन आतल्या आत होते. राजा दरबारात बोलत राहिला आणि कथा हलेना, तर दूत येतो, प्रधान वार्ता आणतो, नारद प्रवेश करतो. नारद हे पुराणकथेतले पात्र आहे, पण प्रयोगाच्या दृष्टीने तो गतीचा कारभारी आहे : येतो, राजाला 'देवर्षी, येण्याचे प्रयोजन?' असे विचारणे भाग पाडतो, आणि प्रयोजन सांगून कथा पुढच्या टप्प्यावर नेऊन सोडतो. त्याच्या येण्याला राजा नकार देऊ शकत नाही. पौराणिक शिष्टाचारच तशी मुभा देत नाही. पेटीवाल्याने सूर धरला की नटाला पदाकडे वळावे लागते, आणि मृदंगाने युद्धाची लय घेतली की शब्द संपून पावले सुरू होतात. या प्रत्येक उपायात चुकणाऱ्या नटाचा अपमान टळतो, आणि प्रेक्षकाला तर काही आवरले गेले याचा पत्ताही लागत नाही. कीथ जॉनस्टन याने 'इम्प्रो' (१९७९) या पुस्तकात उत्स्फूर्त अभिनयाचे मर्म समोरच्याची कल्पना स्वीकारण्यात आहे आणि ती अडवली की प्रसंग मरतो, असे प्रतिपादन केले. दशावतारी नट हे तत्त्व जाणतो. पण त्याच्याकडे एक जादा हत्यार आहे. त्याला अडवताही येते. दोन राजपार्टी समोरासमोर उभे राहून एकमेकांचे प्रतिपादन खोडून काढीत राहिले तरी प्रसंग मरत नाही, उलट रंगतो, कारण निर्णय दोघांच्याही हाती नाही. तो पुराणाने केव्हाच दिलेला आहे.

येथे दोन व्यवस्थांमधला मूलगामी भेद हाती लागतो. टेबलावरच्या खेळात शेवट कोणालाच माहीत नसतो. त्यामुळे गेम मास्टरची अर्धी शक्ती कथा कोठे जाणार याच्या चिंतेत जाते, आणि खेळाडूंना आखलेल्या वाटेवर रेटल्याचा दोष त्याच्यावर नित्य येतो. दशावतारात शेवट नटांना, प्रेक्षकांना, देवळातल्या पुजाऱ्यालाही माहीत असतो. दुर्योधनाने वादात कृष्णाला निरुत्तर केले तरी चालते. युद्ध तो जिंकणार नाही. 'काय' हे बंद असल्यामुळे 'किती' आणि 'केव्हा' हेच नटाच्या स्वातंत्र्याचे क्षेत्र बनते, आणि मग गती हा आशयाचा बाह्य अलंकार राहत नाही. शापापूर्वीचा विलंब, वधापूर्वीचा वाद, हाच आशय होतो. आशय आणि अभिव्यक्ती यांच्या अद्वैताची चर्चा मराठी समीक्षेने कवितेच्या संदर्भात किती केली. दशावतारासंबंधाने ती सहसा झाली नाही.

या व्यवस्थेचे नातेवाईक आहेत. इटलीतील कोमेदिया देल्लार्ते या परंपरेतही भाषणे लिहिलेली नसत, कथेचा आराखडाच तेवढा असे. फ्लामिनिओ स्काला याने १६११ साली असे पन्नास आराखडे प्रसिद्ध केले. आंद्रेआ पेरुच्ची याने १६९९ च्या ग्रंथात 'कोरागो'ची, म्हणजे प्रयोगप्रमुखाची, कर्तव्ये सांगितली आहेत : नटांना एकत्र करून आराखडा वाचून दाखवावा, पात्रांची नावे व स्थळे पक्की करून द्यावीत, प्रवेश-निर्गम समजावावेत. रंगायला बसलेल्या नटांना टप्पे सांगणारा मालक यात स्पष्ट दिसतो. शेजारच्या यक्षगानात भागवत हा गायक हाती ताळ घेऊन रंगमंचावरच असतो आणि पद्य उचलून संवादाचा ओघ वळवतो. तेथे सत्ता दृश्य व एकवटलेली आहे. दशावतारात आख्यान सुरू झाल्यावर सूत्रधार मागे पडतो आणि त्याची सत्ता मालक, पेटीवाला, मृदंगी, ज्येष्ठ राजपार्टी, नारद अशी वाटली जाते. गेम मास्टर एकाच माणसात जे साठवू पाहतो व थकतो, ते येथे पाच-सहा जणांत पसरलेले आहे.

भाव्यांकडे या बाजूने पुन्हा पाहता येते. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ १८४२ च्या सुमारास सांगलीत झाले, आणि चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रेरणेने भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रचले. त्यात पद्ये सूत्रधाराने म्हणावयाची व तो प्रयोगभर उभा असावयाचा, नटांनी पद्याच्या आशयावर आपली भाषणे करावयाची. १८८५ साली भाव्यांचा 'नाट्यकवितासंग्रह' छापला गेला त्यात कविता आहेत. दोन पद्यांमधले सारे नाटक त्या पुस्तकाबाहेर राहिले. वि. ज. कीर्तने यांच्या 'थोरले माधवराव पेशवे' (१८६१) या नाटकापासून 'बुकिश' नाटकांचा काळ येतो आणि सूत्रधार हळूहळू नांदीपुरता उरतो. जुन्या नाटकांना 'तागडथोम' हे हिणवणारे नाव मिळाले. हे नाव मृदंगाच्या बोलांवरून आले आहे, म्हणजे थट्टा नेमकी ज्या वाद्याने प्रयोग ताब्यात ठेवला त्याचीच झाली! नटाला आवरण्याचे काम आता लेखकाने छापलेल्या ओळीने केले, पुढे दिग्दर्शकाने. या बदलाने मराठी नाटकाला जे दिले ते अमूल्य आहे. मात्र त्याला केवळ प्रगती म्हणताना एक कौशल्य बाद झाले याची नोंद ठेवावयास हवी होती.

आधुनिक रंगभूमीने लोकपरंपरेकडे पुन्हा हात पसरला तेव्हाही हे कौशल्य तिला नको होते. 'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये नाचणारा गणपती आला, माणसांची भिंत आली, सूत्रधार आला. पण प्रत्येक शब्द आणि पाऊल बांधलेले. त्या नाटकाची ताकद त्या बांधीवपणातच आहे, म्हणून ही तक्रार नव्हे. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' (१९८०) मात्र या विषयाच्या गाभ्याशी येते. कोकणातल्या गावात हौशी मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचे नाटक करू पाहतात. तात्या सरपंच सारे सावरू पाहतो. नट रुसतात, अडतात, भलतेच बोलतात, प्रेक्षकांतून व्यत्यय येतात. नियमन कोसळते तेव्हा काय होते त्याचे हे प्रहसन आहे. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्याला मिळालेले हशे हे, दशावताराच्या मुलखातल्या प्रेक्षकाला, न कोसळणारा खेळ कसा असतो हे ठाऊक होते म्हणूनही मिळाले असावेत.

या सर्व विवेचनातून एक सुसंवादी ग्रामीण चित्र उभे राहण्याचा धोका आहे. ते खरे नाही. मालकाची सूचना नट ऐकतो त्यामागे मालकच काम देतो ही वस्तुस्थिती असते. आज बहकलेल्या नटाला उद्याच्या जत्रेत कोणता पार्ट मिळेल हे मालक ठरवतो. नवशिका वर्षानुवर्षे दूताच्या कामावर राहतो. कथेच्या आत दिसणारा नारदाचा मान आणि कथेच्या बाहेरचा मालकाचा वचक एकमेकांत मिसळलेले आहेत, आणि कोणत्या क्षणी कोणता काम करतो हे सांगणे अवघड आहे. निळ्या विजेची गरज पडत नाही, याचे अर्धे कारण कलेत आहे आणि अर्धे पोटात.

गेल्या काही दशकांत ही व्यवस्था तीन बाजूंनी बदलते आहे. 'ट्रिकसीन'युक्त प्रयोगांची जाहिरात जत्रेच्या फलकावर नेहमीची झाली; ट्रिकसीनला यंत्र, प्रकाश व ठरलेला क्षण लागतो, म्हणजे गतीचा निर्णय त्या प्रमाणात आधीच होऊन बसतो. निरनिराळ्या मंडळांतले नामांकित नट एकत्र आणणाऱ्या 'संयुक्त दशावतारा'त तारे असतात, पण रोजच्या सहवासातून आलेला अंदाज नसतो, आणि नेमके तेथेच वाद लांबतात. तिसरी गोष्ट वेळेची. नाट्यगृहातला, महोत्सवातला किंवा स्पर्धेतला प्रयोग दोन-तीन तासांचा. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपकावर निर्बंध घातले आणि मर्यादित दिवसांपुरती मध्यरात्रीपर्यंतची सूट ठेवली. रात्रभर चालणाऱ्या खेळाच्या दृष्टीने या नियमाचा दाब मोठा आहे. घड्याळाने शेवट ठरला की आडदशावतार पहिल्यांदा आखडतो. संकासूर पाच मिनिटांत उरकला जातो, आणि मग त्याचा वात्रटपणा आख्यानात झिरपतो; विनोदी पात्राने दरबारातल्या गंभीर प्रसंगात घुसण्याची जी तक्रार जुने प्रेक्षक करतात तिचे एक कारण येथे शोधता येईल. काढून टाकलेली बेशिस्त नाहीशी होत नाही, ती जागा बदलते.

अभ्यासकांपुढचा प्रश्न यातूनच येतो. दशावताराची 'संहिता' तयार करण्याचा, म्हणजे एखाद्या प्रयोगाचे ध्वनिमुद्रण उतरवून ते छापण्याचा मोह विद्यापीठीय अभ्यासाला होणे साहजिक आहे. अशा छापील प्रतीत भाषणे राहतील, आणि भाव्यांच्या संग्रहात जे घडले ते उलट बाजूने घडेल : तेथे भाषणे गळाली, येथे ती आवरणारे सारे गळेल. एकाच मंडळाचे एकच आख्यान वालावलला, जामसंड्याला आणि मुंबईच्या नाट्यगृहात झाले, तर तिन्ही ठिकाणी नारद कितव्या मिनिटाला आला, पेटीने सूर कोणाच्या वाक्यावर धरला, संकासुराला किती वेळ मिळाला आणि दहीकाल्याच्या वेळी बाहेर उजेड होता की नाही, या नोंदी ठेवणे फारसे कठीण नाही. आता जत्रेतले प्रयोग मोबाइलवर मुद्रित होऊन फिरतात, तेव्हा साधनांची सबबही उरलेली नाही. अशा नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या, तर भाव्यांच्या पद्यांमधल्या मोकळ्या जागेत प्रेक्षक काय पाहत असतील, याविषयी निदान काही अनुमान करता येईल.